डाव्या हाताचा मळ

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, गणपतीनंतरच्या एका शुक्रवारी, पनवेलच्या आमच्या साप्ताहिकाचं पहिलं पान माझ्याकडून काढून डावीताईकडे देण्यात आलं. त्याआधी ते चार वर्षं माझ्याकडे होतं.

ती डावखुरी नव्हती. लिहायची उजव्या हातानं, जेवायचीही उजव्याच. फक्त संगणकाचा माऊस डाव्या हातानं चालवायची, म्हणून हे नाव. संगणक एकच, पानं लावणारे आम्ही दोघं. अंक शनिवारी सकाळी एसटी स्टँडवर पोचला पाहिजे, म्हणून शुक्रवारी घाई. दुपारी मी जेवायला उठलो की ती खुर्चीत बसून मांडीवर डबा उघडायची. उजवा हात भाकरी-सुकटीत, डावा माऊसवर. मी हात धुऊन येईपर्यंत तिचं एक पान लागलेलं असे.

चपला बाहेर काढून जायच्या त्या संगणकाच्या खोलीत खायला बंदी होती. मी तक्रार केली. मालकांनी माऊस उचलून उजेडात धरला. तेलाचा डाग नव्हता.

"खरकटा हात मी मशीनला लावतच नाय, शेठ," ती म्हणाली. ती पनवेलजवळच्या सुकापूरची.

"मग पहिलं पानही हीच लावेल," मालक म्हणाले. "हिच्या डाव्या हाताचा मळ आहे तो." सगळे हसले. मी हसलो नाही.

"रागावलात, भाऊ?" तिनं नंतर विचारलं. "तुमचा डावा हात नुसता हनुवटीला टेकू. रजेवर हाय काय?"

एकदा ती चहाला गेली असताना मी डाव्या हातानं प्रयत्न केला. वाढदिवसाच्या शुभेच्छांमधला पुढारी सरकत सरकत श्रद्धांजलीच्या काळ्या चौकटीत जाऊन बसला. तेवढ्यात ती आली.

"सकाळपर्यंत तर बरा होता ना, भाऊ?"

उजव्या हातात चहाचा ग्लास तसाच धरून तिनं डाव्यानं त्याला परत आणला. मालकांना सांगितलं नाही. तेही मला आवडलं नाही. तिचे मथळे माझ्यापेक्षा सरळ बसत, हे स्टँडवरचा पेपरवालाही मला ऐकवायचा.

दोन वर्षांनी तिला मुंबईच्या एका दैनिकात नोकरी लागली. शेवटच्या दिवशी तिनं माऊस पुसला आणि कीबोर्डच्या उजवीकडे ठेवला.

"तुमचं पान तुमाला, भाऊ. माऊस पण तुमच्या बाजूला केलाय."

पुढच्या शुक्रवारी मी तो पुन्हा डावीकडे घेतला आणि मांडीवर डबा उघडला. अंक शनिवारी दुपारी निघाला.