छाटलेला मोगरा मेलेला नसतो

मंडळी, आज डोकं फिरलंय!

मस्कतमधल्या आमच्या अल् खुवैरच्या घरापुढचा मोगरा मी महिन्यापूर्वी छाटला, पानं काढली, भरपूर फुलावा म्हणून पाणी तोडून ताण दिला. आज सकाळी खोडावर हिरवे कोंब दिसले. दुपारी ऑफिसातून आलो, तर झाड मुळासकट कचऱ्यात!

शेजारचे सावंत म्हणाले, "अहो भाऊ, वाळलंच होतं ते. आमच्याकडे पाहुणे येणार, शेजारी वाळकं झाड बरं दिसत नाही, म्हणून मीच उपटलं."

मी कोंब दाखवले, तर हसतात! "कशाला एवढा जीव लावता? आपण इथे कायमचे थोडेच आहोत?"

सावंतांना मस्कतमध्ये चौदा वर्षं झालीत.

मोगरा परत लावलाय. जगेल का, ठाऊक नाही. पण मला सांगा, एक झाड आपलं म्हणायला माणसाला आणखी किती वर्षांचा व्हिसा लागतो?