सतरा नंबरचं जेवण

माझे सासू-सासरे तीन महिन्यांसाठी पुण्याहून आमच्याकडे ऑस्ट्रेलियात क्वेकर्स हिलला आले आणि जवळजवळ दोन वर्षं राहिले. आधी विमानं बंद झाली. मग मधूनमधून सुटायला लागली तेव्हा आम्हालाच त्यांना पाठवायची भीती वाटली. शेवटी सगळं उघडलं, तेव्हा बाबांनी जाहीर केलं की परत जाताना बँकॉकला चार दिवस थांबायचं. विमान तिथे बदलायचंच होतं, आणि लॉकडाउनमध्ये बाबांनी यूट्यूबवर बँकॉक इतकं पाहिलं होतं की तिथल्या गल्ल्यांबद्दल ते सदाशिव पेठेसारखे बोलायचे.

आई तयार नव्हत्या. त्या कांदा-लसूणही खात नाहीत, मग मासे-अंडी तर लांबच.

"तिथे झुरळं तळून विकतात," त्या म्हणाल्या. "मी विमानतळावर बसते. तुम्ही बघून या."

त्यांचं मन वळवलं आमच्या मागच्या शेजारणीने. ती मूळची बँकॉकची, साठीच्या आसपासची. इथे बरीच वर्षं रेस्टॉरंट चालवून आता घरी बसलेली. लॉकडाउनमध्ये कोणाच्या घरी जायची सोय नव्हती, त्यामुळे या दोघी कुंपणावरून बोलायच्या. कुंपण उंच पत्र्याचं, आई बुटक्या, म्हणून त्या दुधाच्या क्रेटवर उभ्या राहायच्या. पलीकडून तुळस यायची, इकडून कढीपत्ता जायचा. ती आईंना "पी" म्हणायची. थाईमध्ये मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. हे कळायच्या आधी कित्येक दिवस आई तिला उत्तर द्यायच्या, "आत्ताच झाला चहा."

बँकॉकचं ऐकल्यावर तिने आईंचा क्लास सुरू केला. खोली घ्यायची ती रस्त्याकडची नाही, मागच्या अंगाची. हॉटेलच्या दारात जेवायचं नाही, दोन गल्ल्या आत जायचं. आणि मुख्य म्हणजे, "पी, तुझं जेवण तिथे आहे. त्याला 'जे' म्हणतात. मांस नाही, मासे नाही, अंडं नाही, कांदा-लसूण पण नाही."

आई क्रेटवरून पडायच्या बेतात आल्या. "लसूण पण नाही?"

"अजिबात नाही. पिवळा झेंडा बघायचा. त्यावर लाल अक्षर असतं, ते तुला सतरासारखं दिसेल. इंग्लिश सतरा. तिथे बिनधास्त जेवायचं."

शिवाय तिने एक वाक्य शिकवलं, "माई साई नामप्ला." फिश सॉस घालू नका. आई कोथिंबीर निवडताना ते स्तोत्रासारखं म्हणायच्या. चार-पाच दिवसांनी शेजारणीने ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. सूर चुकत होता. आई जे म्हणत होत्या त्याचा अर्थ साधारण 'नवीन, फिश सॉस घाला' असा होत होता.

"मग मी नुसतं सतराच बघते," आई म्हणाल्या.

त्यांना सोडायला मी बँकॉकपर्यंत जाणार होते. पण जाण्याच्या आदल्या आठवड्यात मी काम करते त्या वृद्धाश्रमात निम्मा स्टाफ कोविडने आडवा झाला आणि माझी रजा रद्द झाली. नवऱ्याने तिकिटं पुढे ढकलूया म्हणून बघितलं. बाबा म्हणाले, "आता मी यूट्यूबवर आणखी बँकॉक बघणार नाही. आता जाणार." ते दोघेच गेले.

त्या वेळी तिथे उतरल्यावर टेस्ट करून रिझल्ट येईपर्यंत खोलीतच राहावं लागायचं. हॉटेलने दारात डबा ठेवला. त्यावर 'व्हेज' असं लिहिलेलं होतं आणि आत भातावर अंडं होतं. आईंनी तो बाबांकडे सरकवला आणि बरोबर नेलेल्या दशम्या काढल्या. फोनवर त्यांचा आवाज शांत होता, म्हणजे काळजीचं होतं.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. दुपारी मागे कपडे वाळत घालत होते तेव्हा बाबांचा व्हिडिओ कॉल आला.

"रिझल्ट निगेटिव्ह. बाहेर पडलो. सापडला बघ तुझ्या सासूला सतरा नंबर. देवळाच्या मागेच आहे. बाहेर पिवळे झेंडेच झेंडे."

आईंनी फोन घेतला. त्या एका टेबलाशी बसल्या होत्या. मागे टीव्ही चालू होता. दोरीवर टॉवेल होते. एक म्हाताऱ्या बाई सोफ्यावर पाय वर घेऊन बसल्या होत्या आणि आईंकडे टक लावून बघत होत्या.

"आई, हे हॉटेलच आहे ना?"

"हो ग. एकदम घरगुती आहे."

"बाकी गिऱ्हाइकं?"

"अजून कोणी आलं नाही. मालक फार अगत्याचे आहेत. आल्या आल्या जिना चढून वरची खोली दाखवली. फॅमिली रूम असणार. पण मी म्हटलं, आम्ही खालीच बसतो."

"हवा छान आहे वर," मागून बाबा म्हणाले. "मागची खिडकी आहे."

मी कपडे तिथेच टाकले आणि क्रेटवर चढून हाका मारल्या. शेजारीण हात पुसत आली. मी कुंपणावरून फोन तिच्या हातात दिला. तिने स्क्रीन बघितली आणि थाईमध्ये काहीतरी विचारलं. फोनमध्ये एक म्हातारे गृहस्थ दिसले. ते बराच वेळ समजावून सांगत होते. शेजारीण ऐकता ऐकता कुंपणाला टेकली, मग वाकली, मग मला दिसेनाशी झाली. नुसतं हसणं ऐकू येत होतं.

"ते घर आहे," ती उठून म्हणाली. "घराचा नंबर सतरा. झेंडे देवळाच्या उत्सवाचे. त्यांची वरची खोली भाड्याने द्यायची आहे. त्यांना वाटलं, हे दोघं खोली बघायला आले. पण जेवायलाच बसले, म्हणून बायको आत ताटं वाढतेय."

मी कुंपणावरून वाकून आईंना हे मराठीत सांगितलं. त्या इतक्या झटकन उठल्या की फोनमध्ये फक्त छत दिसायला लागलं. मग बाबांचा आवाज आला, "भाडं किती म्हणतात, विचार तिला."

"बाबा, तुम्ही परवा पुण्याला जाताय."

"नुसतं विचारायला काय जातंय?"

शेजारणीने मधल्या मधे सगळं सावरलं. ही माझी थोरली बहीण आहे, लसूणसुद्धा खात नाही, झेंड्यामुळे फसली, असं तिने सांगितलं असावं, कारण सोफ्यावरच्या म्हाताऱ्या बाई एकदम उठल्या, चपला घातल्या, मास्क लावला आणि आईंचा हात धरून निघाल्या. बाबा फोन तिथेच टेबलावर विसरून त्यांच्या मागे गेले.

पुढचं नंतर कळलं. दोनच गल्ल्या आत खरं 'जे'चं दुकान होतं. मोठमोठ्या पातेल्यांत भाज्या, टोफू, मशरूम. म्हाताऱ्या बाईंनी आईंना एकेक झाकण उघडून दाखवलं आणि भातावर काय काय घ्यायचं तेही ठरवलं. आई दोनदा जेवल्या. उरलेले दिवस दोन्ही वेळा त्या तिथेच गेल्या आणि राजवाडा बघायचा राहून गेला, याबद्दल बाबा अजून बोलतात. जायच्या दिवशी आईंनी उरलेली शेंगदाण्याची चटणी सतरा नंबरात नेऊन दिली. ती त्यांनी पपईला लावून खाल्ली म्हणे.

पण त्या दुपारी फोन टेबलावर पडून होता आणि म्हातारे गृहस्थ त्याच्यासमोर येऊन बसले. शेजारीण त्यांच्याशी बोलतच राहिली. तिलाही तीन वर्षांत घरी जाता आलं नव्हतं. मला शब्द कळत नव्हते, पण ती गल्लीचं विचारत असावी, कारण म्हाताऱ्यांनी फोन उचलला, दारात नेला आणि ते सावकाश रस्ता दाखवायला लागले. एक झाड, विजेच्या तारांचं जंजाळ, फळांची गाडी. शेजारीण बोट दाखवून काहीतरी विचारायची, ते तिकडे फोन वळवायचे.

मी क्रेटवर उभीच होते. माझा फोन, पण परत मागायला जीव होईना. मी खाली उतरून राहिलेले कपडे वाळत घातले.