वांगं वाचलं

कापलेलं बोट पुढे केलं की पट्टीमामा आधी जखम बघत नसत. विचारत, "भाजी कोणती होती?" वांगी चिरत होते असं कळलं की टिंक्चर लावून, चिकटपट्टी बसवून, जांभळी पेन्सिल जिभेवर ओली करून ते त्या पट्टीवर देठासकट एक वांगं काढत. म्हणत, "बोट कापलं, पण वांगं वाचलं." जिने कापलं त्या विळीचं चित्र त्यांनी कधी काढलं नाही. एका न्हाव्याने वस्तऱ्याने स्वतःचाच अंगठा चिरून घेतला, तर त्याच्या पट्टीवर भरघोस दाढीचं गिऱ्हाईक उमटलं. तो ते बाजारभर दाखवत फिरला.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. अकोल्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात ते ड्रेसर होते आणि मी केसपेपर लिहायची. केसपेपरवर जखमेचं कारण लिहावं लागे. मामा पडद्यामागून सांगत, "लिही, वांगं वाचवताना." मी एकदा खरंच तसं लिहिलं आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली. तेव्हा मी विशीतली होते. जिभेला हाड नव्हतं, आणि मामांनी त्या जिभेला आणखी लाडावून ठेवलं होतं.

त्या वर्षी मामांचा जीव मुलीच्या लग्नात अडकला होता. कमलची सोयरीक अकोटच्या घरी जुळली होती, लग्न फाल्गुनात. येईल त्या रोग्याला ते फाल्गुनाला किती दिवस उरले ते ऐकवत. "फागुन निंघू द्या, मंग मी म्हातारा झालो तरी चालते," असं म्हणत. आम्ही हसायचो.

पौषातल्या एका सकाळी ते गॉज कापत होते. बोलता बोलता कात्री डाव्या करंगळीत शिरली. रक्त गॉजवर पसरलं, तरी कात्री चालूच आणि गप्पाही. मी म्हटलं, मामा, बोट. त्यांनी खाली पाहिलं, दुसऱ्याच कोणाच्या तरी हाताकडे पाहावं तसं. मला तर आयतीच संधी मिळाली. मी पट्टी लावली, त्यावर गॉजची गुंडाळी काढली आणि डॉक्टर आल्या आल्या सगळा किस्सा रंगवून सांगितला. मामांना बोट कापलेलं कळलंसुद्धा नाही, असं म्हणून मी खो खो हसले.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मामांना खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि टाचणी घेतली. मग डोळे मिटूनच मामा म्हणाले, "टोचा ना, डॉक्टर." तोवर तीनदा टोचून झालं होतं.

डॉक्टरांनी कमिटीला समजावलं, गोळ्या निघाल्या आहेत, हा रोग असा चटकन लागतही नाही. पण महारोग हा शब्द एकदा दवाखान्याच्या दाराबाहेर पडला, तो परत आत येतो थोडाच! जिभेवर ओली केलेली ती पेन्सिल आठवून लोकांनी घरोघरी हात धुतले. आठवडाभरात मामांना घरी बसवलं. अकोटहून निरोप आला, तो कमलच्या काकांकडे आला, मामांच्या दारात यायलाही कोणी तयार नव्हतं.

मामा अमरावतीकडच्या महारोग्यांच्या वसाहतीत राहायला गेले. पावसाळ्यानंतर मी एसटीने भेटायला गेले. दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळलेले, पट्ट्या कोऱ्या. मी रडत म्हटलं, माझ्या तोंडामुळे झालं. ते मलाच समजवायला लागले, "तुले काय मालूम होतं, पोरी? कावून रडून राहिली?" मग म्हणाले, "मले मालूम होतं. दोन वर्सांपासून. मी फक्त फागुनापर्यंत लपवून राहिलो होतो."

हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. पुन्हा मी गेले नाही. दोन वर्षांनी ते वारल्याचं पत्र दवाखान्यात आलं, ते मीच फायलीला लावलं.

कमलचं लग्न झालं नाही. ती घरीच शिवणाचं मशीन चालवते. हाताला सफाई आहे. गाव जुनं सगळं विसरलं, दिवाळीच्या आधी तिच्याकडे बायकांची रीघ लागते. माझं घर तिच्यापासून चार घरं सोडून आहे. माझे कपडे मी स्टेशनपलीकडच्या शिंप्याकडे टाकते.