मटणाच्या फ्रीजपाशी

धुळ्यात आमची अन्न तपासायची छोटी लॅब आहे. मटणाचे नमुने तपासून झाले की आम्ही टाकून देतो. त्यांच्याबरोबर आलेल्या गोष्टी मात्र टाकवत नाहीत. अकरा वर्षांत बऱ्याच साठल्या आहेत.

आमचे अटेंडंट नाना शिंदखेड्याचे, अहिराणी बोलणारे. पहिल्यांदा त्यांना व्हॅक्यूम पॅक दाखवला. म्हटलं, "यातली हवा काढून टाकलीय."

"मंग जंतू बठ्ठा मरी ग्यात?"

"नाही नाना. काहींना हवा लागतच नाही. आणि फ्रीजमध्ये ते मरत नाहीत, फक्त वाढ मंदावते."

नानांनी जरा विचार केला. "म्हणजे गोधडीमा पडेल शेतस."

लॅब बघायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी आता हेच सांगते: जंतू गोधडीत पडून आहेत.

*

नमुन्यांच्या फ्रीजमध्ये कुणीतरी रोज जेवणाचा डबा ठेवायचं. साहेबांनी दोनदा सगळ्यांना झापलं, उपयोग शून्य. शेवटी नानांनी दारावर कागद चिकटवला: 'इथला डबा खाणाऱ्यास काय झाले, ते दोन दिवसांनी रिपोर्टमध्ये कळेल.'

त्या दुपारी साहेबच गुपचूप आपला डबा काढून घेऊन गेले.

*

शकीलभाईंचं मटणाचं दुकान आहे. हवा काढलेल्या पाकिटातलं मटण विकायला लागले आणि आठवड्याभरात तणतणत लॅबमध्ये आले.

"मॅडम, आजच कापलंय, तरी रंग जांभळट. गिऱ्हाईक शिळं म्हणून परत आणतंय."

मी पाकीट फोडून ठेवलं आणि त्यांना चहा दिला. हवा लागली तसं चहा संपून गप्पा होईपर्यंत मटण लालबुंद!

आता ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, "घरी जा, पाकीट फोडा, चहा प्या. मग मला फोन करा."

*

गेल्या मे महिन्यात शकीलभाईंच्या मुलीचं लग्न होतं. जेवणाचं मटण त्यांच्याच कोल्डरूममध्ये. लग्नाच्या दिवशी सकाळीच ते मटणाचं पाकीट घेऊन लॅबच्या दारात उभे.

"कॉम्प्रेसर कधी बंद पडला कळलंच नाही. आत बावीस डिग्री. पण वास चांगला आहे, पॅकिंग घट्ट आहे."

"तपासायला दोन दिवस लागतात, शकीलभाई."

"जेवण संध्याकाळी आहे. तुमच्या घरचं लग्न असतं तर?"

"शिजवलं नसतं."

शकीलभाई पाकीट घेऊन निघून गेले.

संध्याकाळी मांडवात वरण-बट्टी आणि घोटलेली वांगी. व्याही हॉटेलवाले. त्यांनी ताट पाहिलं आणि विचारलं, "मटण?"



"बिघडलं असेल अशी शंका आली," शकीलभाई म्हणाले. "सगळं पुरून टाकलं."

व्याह्यांनी ताट पुढे केलं. "वांगी वाढा. आणि उद्यापासून माझ्या हॉटेलचं मटण तुमच्याच दुकानातून."