शेवटच्या पंगतीचा पाहुणा

कापसाच्या हरणाला एसटीत अर्धं तिकीट काढणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच जन्माला आला आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या पदरात पडला. ते आमचे दाजी. शेवगावपासून आत एका वस्तीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. त्या दिवशी मी स्वतः त्यांच्याबरोबर तिसगावच्या गाडीत होतो म्हणून सांगतो, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. कंडक्टरनं किती म्हणून विचारलं, तर दाजी म्हणाले दोन फुल, एक हाफ. त्या भल्या माणसानं हाफ कुठे लपलंय म्हणून सीटखाली वाकून बघितलं. हाफ खिडकीशी बसून बटणाच्या डोळ्यांनी बाहेरची शेतं बघत होतं. कंडक्टरनं वय विचारलं. दाजींनी प्रामाणिकपणे तीन महिने सांगितलं. एवढ्या लहानाला तिकीट लागत नाही, असं त्यानं परोपरीनं समजावलं, तर म्हणे, "लागत नसेल, पण ते सीट अडवून बसलेत. फुकट बसायची सवय लावू नका त्यांना." सगळी गाडी आमच्याकडे बघायला लागली. मी त्यांच्या ओळखीचा नाही असा चेहरा करून बसलो, पण दाजींनी दोन फुलमधलं एक माझ्या हातात दिलं आणि तेवढीही सोय ठेवली नाही.

या हरणाची हकिगत आधी सांगायला हवी. आपल्याच जिल्ह्यातल्या कर्जतकडच्या माळावर काळविटं आहेत. तिकडच्या एका शाळेतल्या पोरांच्या आयांनी मिळून जुन्या मखमली पडद्याचं एक काळवीट शिवलं, चांगलं पाच वर्षांच्या पोराएवढं, पिळाची शिंगं आणि आत गच्च कापूस. मग राज्यभरच्या काही हौशी गुरुजींनी ठरवलं की हे काळवीट गावोगावच्या प्राथमिक शाळांत पाहुणं म्हणून पाठवायचं. एका शाळेत मुक्काम करायचा, पोरांनी त्याला आपलं गाव दाखवायचं, गोष्टी वाचून दाखवायच्या आणि त्याचे फोटो मोबाईलवरच्या ग्रुपवर टाकायचे. एक जिल्हा फिरून झाला की हद्दीवर पुढच्या जिल्ह्याच्या हवाली करायचं. सुरुवात आपल्याकडून आणि आपल्या जिल्ह्याची सगळी जबाबदारी दाजींकडे. ज्यानं कुणी ही नेमणूक केली, त्याची आणि दाजींची ओळख नसणार.

पोरांनी त्याचं नाव काळू ठेवलं होतं. दाजींनी त्याचं काळूराव केलं आणि अहोजाहो सुरू केलं. काळूराव दमलेत, काळूरावांना ऊन लागतंय, काळूरावांच्या समोर आवाज चढवू नका. मोटरसायकलवर काळूराव मागे बसले की त्यांच्या शिंगांतून हेल्मेट जात नाही, म्हणून दाजी स्वतःही हेल्मेट घालायचे नाहीत, पाहुण्याला उघडं ठेवून आपण डोकं झाकायचं बरं दिसत नाही म्हणून. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला ते काळूरावांना घेऊन आले आणि त्यांना मुलाकडच्या मंडळींत खुर्चीवर बसवलं. माझ्या व्याह्यांनी हळूच विचारलं, हे कोण? दाजी म्हणाले, कर्जतकडचे. व्याह्यांनी मान डोलावली आणि खुर्ची थोडी लांब घेतली. मी गादीवाला माणूस. शेवगावात माझं गाद्यांचं दुकान आहे. कापसाला मी कापूस म्हणतो, त्याला कुणी चहा विचारायला लागला की माझं डोकं फिरतं. आक्काला, म्हणजे माझ्या बहिणीला मी हे बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, तुला नुसतं ऐकायचंय, मला त्या मेल्याचं ताट वाढायचंय.

पण दाजींचं खरं वेड वेगळंच होतं. गावातल्या कुठल्याही पंगतीत, लग्न असो, सप्ताह असो की तेरावं असो, दाजी वाढपी. धोतर खोचून बादली घ्यायची, सगळ्या गावाला आग्रह करकरून वाढायचं आणि सगळ्यात शेवटच्या पंगतीला बसायचं. तोवर बहुतेक वेळा भात आणि मठ्ठा एवढंच शिल्लक असे. वाढपी शेवटी बसतात, हे वाक्य आमच्या घरात एवढ्या वेळा ऐकलंय की ते भिंतीवर लिहायचं तेवढं राहिलंय. काळूरावांच्या दौऱ्यातही त्यांनी हेच केलं. जिल्ह्यातल्या ठरलेल्या बाकी सगळ्या शाळा आधी, आपली वस्तीवरची शाळा शेवटी. त्यांच्या शाळेतली पोरं जूनपासून रोज मोबाईलवर बघत होती, आज काळूराव इथे, उद्या काळूराव तिथे. तिसरीतली आरती नावाची एक पोरगी होती, चांगली तिखट. ती रोज विचारायची, आपला नंबर कधी? दाजींचं ठरलेलं उत्तर, आपण वाढपी. एक दिवस मी शाळेत सतरंज्या द्यायला गेलो होतो, तेव्हा ती सगळ्यांसमोर म्हणाली, "पन गुरुजी, शेवटच्या पंगतीला भाजी संपलेली असती." दाजी हसले. मला मात्र ते हसण्यासारखं वाटलं नाही, कारण त्या महिन्याअखेरीला दाजी निवृत्त होणार होते. ही पंगत हुकली तर पुन्हा वाढायला आणि बसायला दाजी त्या शाळेत नसणार होते.

ठरलेला दिवस पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा होता. सकाळी काळूराव वस्तीवरच्या शाळेत आणि तिथून बाराच्या आत बीडच्या हद्दीवर. तिकडच्या शाळेनं लेझीम बसवलं होतं, हलगी ठरवली होती. पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी मी दुकानाचा टेम्पो काढला आणि दाजींना घेऊन तिसगावच्या बाजूच्या एका गावात गेलो. काळूरावांचा आदला मुक्काम तिथल्या शाळेत होता. सणाची सुट्टी, त्यामुळे शाळेतल्या बाई आपल्या गावी गेलेल्या आणि काळूराव कपाटात कुलूपबंद. निदान आमची तशी समजूत होती.

शाळेच्या पटांगणात पाय ठेवला आणि दाजी जागीच थांबले. काळूराव उभे होते. शिंगं लालभडक हिंगुळानं रंगवलेली, त्यांना गोंडे, पाठीवर शिवलेल्या पोत्याची झूल, कपाळावर गंध आणि तोंडाला पुरणपोळी. चारी पायांखाली पाणी साचलेलं. ते पावसाचं नव्हतं, काळूरावांच्या पोटातून थेंबथेंब गळत होतं. मी जाऊन हात लावला. भिजलेल्या गादीचं वजन मला हाताला कळतं. हे प्रकरण आतपर्यंत गेलं होतं.

कपाटाची किल्ली खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे असायची. पोरं त्यांच्याकडे गेली आणि मावशींनी आपल्या हातानं कुलूप काढून दिलं. गावात आता बैल मोजकेच, सगळ्यांनी ट्रॅक्टरला फुगे बांधलेले. ज्यांच्या घरी बैल नाहीत त्या पोरांनी मग काळूरावांना ओढ्यावर नेलं, साबण लावून घासूनपुसून धुतलं आणि सगळ्या गावाबरोबर वेशीतून तोरणाखालून मिरवून आणलं. मी मावशींवर तोंड टाकणार होतो. त्याआधीच त्या म्हणाल्या, "सनाच्या दिवशी जनावर कोंडून ठिवत्यात व्हय, गुरुजी? पाप लागतं." पोरं भिंतीशी रांगेत उभी. कुणी रडायच्या बेतात, कुणी पळायच्या. दाजींनी सगळ्यांकडे बघितलं, काळूरावांच्या गंधाला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला आणि म्हणाले, काळूरावांचा पहिला पोळा तुमच्या गावात झाला, हे त्यांच्या लक्षात राहील. मावशींनी पुढे केलेली पुरणपोळी खाल्ली, पोरांचा निरोप घेतला आणि टेम्पोत येऊन बसले. त्यांचा चेहरा मात्र पार उतरला होता. मी इतका चिडलो होतो की दोनदा गिअर चुकला.

वाटेत मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ओला कापूस नुसता वरून वाळतो आणि आतल्या आत कुजतो. दोन दिवसांत वास मारेल. हे पोट उसवून सगळा कापूस काढायला हवा, खोळ रात्रभर पंख्याखाली वाळवून इस्त्री करायला हवी, दुकानातला नवा कापूस पिंजून भरायला हवा आणि मग शिवायला हवं. सकाळी सगळे हात लावले तरी हे काम बाराच्या तोंडावरच उरकणार. म्हणजे काळूराव एकतर बीडच्या हद्दीवर पोचतील, नाहीतर तुमच्या शाळेत. दोन्हीकडे जमायचं नाही. किंवा बीडवाल्यांना फोन करा, एक दिवस थांबा म्हणावं, असं मी सुचवलं. बीडवाल्यांनी उद्यासाठी पोरांना नवे कपडे शिवलेत, दाजी म्हणाले. मग आपली पोरं? मी विचारलं. शेवगावचे दिवे दिसायला लागल्यावर दाजी म्हणाले, "तुम्ही दुरुस्त करा पाव्हणं. मी पोरांना समजावतो. आपण वाढपीच." मला त्या वाढप्याचा इतका राग आला की काही विचारू नका. आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

सकाळी दुकान उघडलं. रात्रीच उसवून रिकामी केलेली काळूरावांची खोळ पंख्याखाली हलत होती. शिंगांवरचा हिंगूळ काही निघाला नव्हता. कापूस पिंजायला मशीन चालू केलं, गाठोडं तयार झालं आणि दाभणात दोरा ओवताना माझ्या मनात आलं, की अहो, कापूस भरायला दुकानच कशाला पाहिजे? भरायचा तो हातानंच. मी गाठोडं, खोळ, दाभण, दोरा सगळं टेम्पोत टाकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक दारात उभं असताना शटर ओढलं.

वस्तीवर पोचलो तेव्हा पोरं ओळीनं बसली होती. केसांना तेल, गणवेश धुतलेले, दारात रांगोळी. दाजी फळ्यापाशी उभे होते आणि मला दिसलं की त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही. सांगताच येत नव्हतं त्यांना. इतकी वर्षं पोरांना बोलायला शिकवणारा माणूस खडू हातात घेऊन नुसता उभा होता. मी आत जाऊन सतरंजीवर ती खोळ पसरली. पाय चेपलेले, मान वाकडी, पोट उसवलेलं. मला वाटलं, आपण घाण करून ठेवली. पहिलीतलं एक पोरगं मागे सरकलं. आरतीनं विचारलं, "मेलं का वो?"

दाजी खाली बसले. त्यांनी काळूरावांची मान मांडीवर घेतली. "नाही गं," ते म्हणाले. "लांबून आलेत. सगळ्या जिल्ह्यानं यांना फिरवलं, नटवलं, फोटो काढले. जेवायला मात्र कुणी घातलं नाही. पोट बघ कसं खपाटीला गेलंय. आता तुम्ही वाढा."

मी गाठोडं सोडलं. आधी कुणी पुढे येईना. मग आरती आली, एक मूठ कापूस घेतला आणि अलगद मागच्या पायात सारला. त्यानंतर मात्र पोरं आवरेनात. दाजी बादलीशिवायच वाढप्याच्या सुरात आग्रह करत होते, घ्या काळूराव, थोडं घ्या, या बाळाच्या हातचं राहिलंय. पाय उभे राहिले, मान ताठ झाली, पोट भरून वर आलं. मी घड्याळाकडे बघत ओरडत होतो, पुरे, पुरे, टाके बसायचे नाहीत. मी दाभण लावणार तेवढ्यात आरतीनं विचारलं, कापसाशिवाय दुसरं काही घातलं तर चालेल का? तिच्या मुठीत एक घुंगरू होतं. घरी ट्रॅक्टर आला तेव्हा बैल बाजारात गेले, त्यांच्या गळ्यातल्या माळेचं हे एक घुंगरू तिनं दप्तरात ठेवलं होतं. मी काही बोलायच्या आत दाजी म्हणाले, पाहुण्याला काय वाढायचं ते वाढप्यानं ठरवायचं. तिनं हात कोपरापर्यंत आत घातला आणि रिकामा बाहेर काढला. मी टाके घातले.

बारा वाजून गेल्यावर आम्ही हद्दीवर पोचलो. दाजी उशिरा पोचल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नाही. तिकडची पोरं उन्हात उभी, हलगीवाला सावलीला बसलेला. त्यांच्या गुरुजींनी काळूरावांना दोन्ही हातांनी उचललं तर पोटात किण् असं वाजलं. ते थबकले, म्हणाले, याच्यात काहीतरी वाजतंय. दाजी म्हणाले, असू द्या, जेवलेत ते. हलगी सुरू झाली, लेझीम सुरू झालं आणि त्या गर्दीतून रंगलेली शिंगं लांब जाताना दिसत राहिली. दाजींनी हात जोडले होते. टेम्पोत बसल्यावर त्यांनी चष्मा पुसायला काढला आणि शेवगाव येईपर्यंत पुसतच राहिले.

दाजी निवृत्त झाले त्याला आता दोन वर्षं होत आली. त्यांच्या निरोपाच्या पंगतीत पोरांनी त्यांना पहिल्या ओळीत बसवलं, तर त्यांना अर्धी पोळी जाईना. हल्ली दुपारी माझ्या दुकानात येतात आणि गाद्यांच्या चळतीवर टेकून मोबाईल बघतात. काळूराव मराठवाडा फिरून विदर्भात गेलेत. पडद्याची मखमल विटली, एक डोळा दुसऱ्या रंगाचा बसवलाय, शिंगांवरचा हिंगूळ फिकट झालाय. परवा तिकडच्या कुठल्या तरी शाळेचा व्हिडिओ आला. काळूरावांना मध्ये धरून पोरं नाचत होती, नुसता कल्ला. दाजींनी मोबाईल कानाला लावला आणि मला पिंजायचं मशीन बंद करायला सांगितलं. गिऱ्हाईक खोळंबलं होतं, तरी मी मशीन बंद केलं. मला त्या गलक्यात काहीच ऐकू येत नव्हतं. दाजी डोळे मिटून ऐकत होते.

"वाजतंय," ते म्हणाले.