बोडीकाठचं गवत

मी सर्वांत जास्त उपकार मानतो ते माझ्या मोठेबांचे, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचे. मेंढ्या राखून त्यांनी मला आधी पवनीच्या शाळेत आणि मग नागपूरला शेतकीच्या कॉलेजात धाडलं. घराण्यातला पहिला पदवीधर मी. त्या पदवीचा पहिला उपयोग मी त्यांच्या नऊ मेंढ्या मारण्यासाठी केला, हे कृतज्ञतेपोटी सांगणं भाग आहे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. निकाल लागला होता आणि नोकरीची वाट पाहत मी गावी बसलो होतो. भादव्यात मोठेबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ते महिनाभर कोंढ्याला लेकीकडे राहायला गेले.  जाताना चाळीस मेंढ्या माझ्या हवाली करून ते म्हणाले, "बाबू, दव सुकल्याशिवाय सोडू नको. अन् बोडीच्या काठाले तं पायच ठेवू देऊ नको."

बोडी म्हणजे आमच्याकडचं धानाला पाणी देणारं लहानसं तळं. "काहून?" मी विचारलं.

"तिथचं गवत खाल्लं का मेंढीच्या गळ्याखाली पाणी भरते. माहा बाप सांगे."

बाप सांगे! माझ्याकडे छापील पुस्तक होतं आणि त्यात हिरव्या चाऱ्यातल्या प्रथिनांचा तक्ता होता. माळावरचं गवत खुरटं, बोडीकाठचं लुसलुशीत. मी तत्काळ विज्ञानाच्या बाजूने कौल दिला. रोज सकाळी मेंढ्या बोडीवर न्यायच्या आणि आपण शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून नोकरीचे अर्ज लिहायचे. मेंढ्या अंगाने चांगल्या भरल्या. मोठेबा परतले, डोळ्यावरच्या हिरव्या पट्टीनिशीच त्यांनी मेंढ्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि खूश झाले. मी विनयाने मान खाली घातली.

दिवाळीनंतर मेंढ्या कळपाच्या मागे राहू लागल्या. मोठेबा एकेकीची खालची पापणी ओढून पाहत; आतली लाली गेलेली असे. जबड्याखाली पाण्याच्या पिशव्या लोंबू लागल्या. मी तडक तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात गेलो. पदवीधर म्हणून मला खुर्ची मिळाली, औषध मात्र अजून वरून यायचं होतं. रिकामी बाटली घेऊन मी सन्मानाने परतलो.

तोवर पहिली मेंढी मेली होती. मोठेबांनी तिचं काळीज, म्हणजे यकृत, पळसाच्या पानावर ठेवून चिरलं आणि अंगठ्याने दाबलं. चपटे, पानाच्या आकाराचे किडे बाहेर आले. हा प्राणी चित्रावरून माझ्या ओळखीचा होता. त्याच्यावर पुस्तकात अख्खा धडा होता: गोगलगाय, ओलं गवत, मेंढीचं काळीज, सगळं आकृतीसकट. पण त्यावरचा प्रश्न आदल्याच वर्षी येऊन गेला होता, म्हणून आम्ही साऱ्या वर्गाने तो धडा सोडला होता. मला पहिला वर्ग मिळाला तो असा.

"बोडीवर नेल्या होत्या काय?" मोठेबांनी विचारलं.

"थोडे दिवस."

त्यांनी विळा पुसला आणि उठले. मेंढ्या टेकडीवरच्या कोरड्या जागेत हलवल्या. पळसपापडी, म्हणजे पळसाच्या बिया, कुटून बांबूच्या नळीने पाजल्या, धानाचा कोंडा चारला. बऱ्याच वाचल्या. नऊ गेल्या.

खरी पंचाईत त्यानंतर झाली. उन्हाळ्यात गावचे शेतकरी खतासाठी मोठेबांचा कळप आपापल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, बसवून घेत. त्यावर त्यांचं घर चाले, आणि माझं कॉलेजही त्यावरच चाललं होतं. आता पारावर बोलणी सुरू झाली.

"बुढ्याचा डोळा गेला, भाऊ. मेंढ्या कुठं चरून राहिल्या, त्यालेच दिसत नाही."

"अन् रोगाचा कळप आपल्या बांधीत कायले बसवाचा? दुसरा पाहू."

मोठेबा तिथेच होते. "हो ना," ते म्हणाले, "माहीच नजर चुकली." मीही तिथेच होतो; शिकलेला म्हणून मला बसायला घोंगडं अंथरलं होतं. मी त्यावर नीट बसून राहिलो.

घरी येताना मी विचारलं, "तुम्ही असं काहून बोलले?"

"तुले नोकरी लागाची हाय. तुहं नाव कायले खराब करू?"

महिन्याभरात नोकरी लागली. शेतकऱ्यांना मेंढ्यांविषयी सल्ला देण्याची, अर्थातच. पहिल्याच आठवड्यात मी पत्र टाकलं. मोठेबांना वाचता येत नव्हतं. गावात आलेली पत्रं शाळेचे गुरुजी पारावर बसून वाचून दाखवत, हे धरूनच ते लिहिलं होतं:

"तीर्थरूप मोठेबांस साष्टांग नमस्कार.

गुरुजींना विनंती की हे पत्र सगळ्यांसमोर आणि मोठ्याने वाचावं. मेंढ्या बोडीवर मी नेल्या. मोठेबांनी बजावून नको म्हटलं होतं. मी नेल्या तेव्हा ते कोंढ्याला होते आणि त्यांच्या डोळ्याला पट्टी होती. माझे दोन्ही डोळे उघडे होते. हा रोग ओल्या गवतातून येतो, एका मेंढीचा दुसरीला लागत नाही. उन्हाळ्यात कोरड्या बांधीत कळप बसवायला भिऊ नये. पदवीधराच्या शब्दावर विश्वास नसेल तर ते योग्यच आहे, मोठेबांना विचारा.

मोठेबा, इथे साहेबांनी मला मेंढ्यांच्या रोगांवर भाषण द्यायला सांगितलं आहे. तुमचे वडील बोडीबद्दल आणखी काय सांगत, ते गुरुजींकडून लिहवून पाठवा. पुस्तकातला तो धडा मी आता वाचला आहे, पण तो त्यांच्याइतका पूर्ण वाटत नाही."