दारावर आलेले वकीलसाहेब

"सांगू नका, करून दाखवा." आमच्या वकीलसाहेबांच्या या वाक्याने सुरतच्या कोर्टात भल्याभल्यांना घाम फुटायचा. मी त्यांच्याकडे वीसेक वर्षं टायपिस्ट होते. जगाला वेळेवर या म्हणणारी आणि स्वतःचा चष्मा कपाळावर ठेवून सगळ्या ऑफिसला शोधायला लावणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. साहेब त्यांतले.

मूळचे धुळ्याकडचे, फौजदारी वकील. कामाची जागा पाहिल्याशिवाय उलटतपासाला उभे राहायचे नाहीत. सुरतच्याच पांडेसरा भागात, कापड रंगवणाऱ्या एका डाईंग मिलमध्ये वाफेने भाजून एक कामगार गेला. पोलिसांनी मशीन चालवणाऱ्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा लावला. तो आमचा अशील. साहेब मिलमधून परत आले तेव्हा शर्टावर निळे डाग होते आणि चेहरा खुललेला. म्हणाले, "ताई, तो वाफेचा व्हॉल्व्ह उलटा फिरतो."

मिलच्या सुपरवायझरने कोर्टात सांगितलं, वाफ मी स्वतः बंद केली, आरोपी नुसता उभा होता. साहेब म्हणाले, "बंद करून दाखवा." त्याने घरच्या नळासारखा हवेत हात फिरवला. "असाच ना?" साहेबांनी तीनदा विचारलं, तीनदा तो हो म्हणाला. त्या व्हॉल्व्हला त्याने कधी हातच लावला नव्हता. साक्ष खोटी ठरली, अशील सुटला.

बाहेर बाकावर त्या मेलेल्या कामगाराची बायको बसली होती, सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन. तिच्या लेखी नवऱ्याला मारणारा सुटला होता. तिने साहेबांना अशा शिव्या घातल्या, की मी फाईल छातीशी धरून मागे सरकले. साहेब ऐकत उभे राहिले.

पुढच्या रविवारी ते तिच्या दारावर गेले, मला सोबत घेऊन. आमच्या खानदेशात मयताच्या घरी भेटायला जाण्याला दारावर जाणं म्हणतात. तिचा माणूस जाऊन तीन वर्षं झाली होती, इतक्या उशिरा कोणी दारावर जात नाही. बाईने पाणीही विचारलं नाही. साहेबांनी मुलीच्या शाळेची चौकशी केली, तर बाईने मुलीला आत पाठवलं. मग उठले आणि सवयीने म्हणाले, "येतो." अशा घरातून "येतो" म्हणून निघायचं नसतं, हे पोरासोरांनाही कळतं. शेजारणींनी कपाळाला हात लावला. मला तर रिक्षात बसेपर्यंत तोंड लपवावंसं वाटत होतं.

पण साहेब येत राहिले. शाळा उघडली की वह्या-पुस्तकं घेऊन जायचे, फीचं मी बघतो म्हणायचे. दोन वर्षं बाईने त्यांची पिशवी दाराबाहेर ठेवली. तिसऱ्या वर्षी मुलीचं नाव शाळेतून कमी व्हायची वेळ आली, तेव्हा तिने पिशवी आत घेतली आणि म्हणाली, "पोरनासाठे लेस. पन तुमले मी चांगलं म्हननार नही."

"नका म्हणू," साहेब म्हणाले. मुलगी शिकली, नर्स झाली. अशी आणखीही घरं होती, सगळी आम्ही हरवलेल्या बाजूची. साहेबांनी मलासुद्धा ती नीट सांगितली नाहीत, याचा मला राग यायचा.

गेल्या वर्षी इथल्या खानदेशी समाजाच्या मंडळींनी पर्वत पाटियाजवळच्या हॉलमध्ये साहेबांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, मानपत्र, गोड गोड भाषणं. कोणीतरी नर्स लेकीसोबत आलेल्या त्या बाईंच्याही हाती माइक दिला. त्या म्हणाल्या, "मना मालकना केसमातला मानूस यासनी सोडाई लिना. ते मी इसरनार नही. मनी पोरले बी यासनीच शिकाडं. ते बी इसरनार नही."

एक कार्यकर्ता माइक घ्यायला धावला. "बोलू द्या त्यांना," साहेब म्हणाले. पण बाईंचं बोलून झालं होतं. त्या खाली येऊन लेकीशेजारी बसल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांचं ते बोलणं मला टाईप करायला लावलं, त्यांच्याच बोलीत, कोर्टातल्या जबानीसारखं. कागद घेऊन ड्रॉवरमध्ये ठेवला.

दिवाळीनंतर साहेब गेले. ऑफिस रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं. मानपत्र कपाटावर सापडलं, अजून गिफ्टच्या कागदातच. ड्रॉवरमधला कागद बाहेर काढला आणि मला रडू आवरेना. कशालाही हो म्हणू नका, असं जन्मभर अशिलांना बजावणाऱ्या माणसाने बाईंच्या जबानीखाली पेनाने लिहिलं होतं, "कबूल." आणि खाली सही केली होती.